पदवीनंतरच्या आयुष्याची नोंद विद्यापीठाने ठेवावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारी आला की ठाणे, कळवा, वाशी, नेरुळ या भागांतील महाविद्यालयांत माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांची लगबग सुरू होते. निवृत्त प्राध्यापकांना घरून आणण्यासाठी गाड्या जातात, जुने वर्ग उघडले जातात आणि व्यासपीठावर तीन-चार नामवंत माजी विद्यार्थ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. हे मेळावे व्हावेत असे मला मनापासून वाटते आणि त्यांच्या तयारीत माझाही हात असतो. परंतु मेळाव्याला आलेली दीडदोनशे माणसे आणि त्या महाविद्यालयातून आजवर बाहेर पडलेली हजारो माणसे यांच्यामध्ये जे अंतर आहे त्याबद्दल मुंबई विद्यापीठ काहीच बोलत नाही, आणि त्या अंतराकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्या विद्यापीठाने एखाद्याला पदवी दिली, त्याच्याकडे त्या माणसाची जन्मतारीख, गुण, श्रेणी आणि बैठक क्रमांक असतो. पण पुढे त्याचे काय झाले, त्याला काम मिळाले का, ते टिकले का, त्याने पुन्हा शिक्षण घेतले का, तो आज हयात आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर विद्यापीठाच्या कोणत्याही कपाटात सापडत नाही.

मी ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर तेथील माजी विद्यार्थी संघाचे टपाल व नोंदवही सांभाळते. संघ रीतसर नोंदणीकृत आहे, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब आणि पदाधिकाऱ्यांचे बदल अहवाल वेळेवर जातात, त्यामुळे कागदोपत्री आमचे काम चोख आहे. मात्र नोंदवहीत नाव, तुकडी, पत्ता, दूरध्वनी आणि ‘सध्याचा हुद्दा’ एवढेच रकाने आहेत. ज्यांना सांगण्याजोगा हुद्दा आहे ते हा शेवटचा रकाना आनंदाने भरतात. ज्यांना नाही ते अर्जच परत पाठवत नाहीत. अशा रीतीने वर्षानुवर्षे जी यादी तयार होते ती माजी विद्यार्थ्यांची राहत नाही, हुद्देदारांची होते.

मुंबई विद्यापीठाच्या आरंभी अशी स्थिती नव्हती. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या जुन्या वार्षिक कॅलेंडरांमध्ये पदवीधरांच्या नावांच्या वर्षवार याद्या छापल्या जात. पहिले बी. ए. झालेले चौघे १८६२ सालचे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. रानडे पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, भांडारकर संस्कृत विद्येतले अग्रणी आणि याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मोडक शिक्षणक्षेत्रात आणि वागळे वकिलीत आयुष्यभर कार्यरत होते, दोघेही प्रार्थना समाजाच्या कामात होते, पण आज त्यांची नावे सांगितली तर ऐकणारा क्षणभर थांबतो. चार जणांच्या तुकडीतून दोघे विस्मरणात जात असतील, तर ज्या विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात आता दरवर्षी लाखाहून अधिक पदव्या दिल्या जातात, तिथे काय होत असेल याचा विचार करावा. यात कोणाच्या कीर्तीचा प्रश्न नाही. मोडकांसारखा शिक्षक आणि वागळ्यांसारखा वकील हेच कोणत्याही विद्यापीठाचे खरे आणि नेहमीचे उत्पन्न असते, आणि त्यांच्याविषयी काही माहीत नसेल तर विद्यापीठाला स्वतःविषयीच फारसे माहीत नाही असे म्हणावे लागते.

पदवीधरांच्या नोंदीची आज जी काही सरकारमान्य सोय आहे ती निवडणुकांपुरती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात आणि त्यासाठी पदवीधरांना नाव नोंदवावे लागते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक झाली तेव्हा मतदारयादीत सुमारे १३ हजार नावे होती. ठाणे, पालघर, मुंबई, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढा पसारा असलेल्या, लाखालाखांनी पदव्या देणाऱ्या विद्यापीठाच्या मानाने हा आकडा फारच लहान आहे. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची यादी तर प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने करावी लागते. दोन्ही याद्यांत पदवीधर म्हणजे एक मत. मतदान झाले की दोन्हींचा उपयोग संपतो.

मूल्यांकनाच्या पद्धतींनीही या बाबतीत आपली दृष्टी अरुंद केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या निकषांमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान आहे ही चांगली गोष्ट आहे, पण त्यातला मोजता येणारा भाग प्रामुख्याने माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणग्यांचा असतो. त्यामुळे नॅकची समिती येणार असे कळले की महाविद्यालयांना माजी विद्यार्थी आठवतात आणि पावतीपुस्तके बाहेर निघतात. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत पदवीनंतरच्या फलिताला गुण आहेत. तिथे उत्तीर्णांचे प्रमाण, पुढे पीएच.डी. झालेले आणि नोकरी लागलेल्यांच्या वेतनाचा मध्यक असे आकडे मागितले जातात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात प्रवेश किती, मुली किती, शिक्षक किती, उत्तीर्ण किती हे सारे मोजले जाते आणि उत्तीर्ण झाला की विद्यार्थी मोजणीतून बाहेर पडतो. इंग्लंडमध्ये पदवीनंतर साधारण पंधरा महिन्यांनी प्रत्येक पदवीधराला विचारले जाते की तो काय करतो आणि जे करतो ते त्याला अर्थपूर्ण वाटते का. हा दुसरा प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही अर्जावर मी पाहिलेला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. माजी विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील टप्पे म्हणजे बढत्या आणि पुरस्कार, ही समजूत बदलायला हवी. नोकरीतील टप्पे आणि घरातील टप्पे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, आणि याची उदाहरणे आपल्याच विद्यापीठाच्या सर्वांत मोठ्या माणसांच्या चरित्रांत आहेत. धोंडो केशव कर्वे १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवीधर झाले. ‘पदवी, मग गणिताचे प्राध्यापक’ एवढीच नोंद ठेवली तर ती खरी असूनही निरुपयोगी ठरेल, कारण १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, त्यापायी मुरूडच्या लोकांचा बहिष्कार सोसला, आणि १८९६ मधील अनाथ बालिकाश्रम, १९१६ मधील महिला विद्यापीठ हे सगळे त्यानंतरचे आहे. विवाह ही खासगी बाब म्हणून गाळली तर त्यांच्या कामाची सुरुवातच दिसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले, १९१३ च्या आरंभी ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, २ फेब्रुवारीला वडिलांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. नोकरी, पितृशोक आणि परदेशातील शिक्षण एका वर्षात. परत आल्यावर १९१७ मध्ये एवढ्या विद्वान माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळेना, हाही त्यांच्या आयुष्यातला टप्पाच होता, आणि तो कोणत्याही हुद्द्याच्या रकान्यात बसत नाही. पदवीच्या वाटेत समाजाने घातलेला अडथळा नोंदवला नाही, तर त्या पदवीचे मोल कळत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर सध्याची नोंदवही जवळजवळ आंधळी आहे, आणि माझ्या कामातला सर्वांत मोठा खेद हाच आहे. पहिली अडचण अगदी साधी आहे. पदवी प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, आधार कार्ड सासरच्या नावाचे, आणि विद्यापीठाकडे या दोहोंना जोडणारा दुवा नाही. संघाने १९८०-८५ च्या तुकड्यांना पत्रे पाठवली तेव्हा मुलांची बरीच पत्रे आईवडिलांच्या जुन्या पत्त्यावरून का होईना, पण पोहोचली; मुलींची पत्रे ‘सदर नावाची व्यक्ती येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. तुकडीत निम्म्या मुली असल्या तरी पंचवीस वर्षांनी यादीत त्या निम्म्या राहत नाहीत, आणि मग स्मरणिका वाचणाऱ्याला वाटते की या महाविद्यालयातून शिकून काही केले ते पुरुषांनीच.

दुसरी अडचण अर्जाच्या रचनेत आहे. ‘सध्याचा हुद्दा’ या रकान्यात कितीतरी माजी विद्यार्थिनी ‘गृहिणी’ असे लिहितात आणि पुढचा सगळा अर्ज कोरा ठेवतात. त्यांतल्या काही जणींशी मी फोनवर सविस्तर बोलले आहे. वनस्पतीशास्त्रात प्रथम वर्ग मिळवलेली एक जण दहा वर्षे घरी राहिली, सासूबाईंचे आजारपण संपल्यावर बी. एड. झाली आणि मुरबाडच्या बाजूला शाळेत शिकवू लागली. वाणिज्य शाखेच्या एकीने नौपाड्यात पोळीभाजी केंद्र काढले, त्यात चार बायका कामाला लावल्या, आणि तिला स्वतःला ‘व्यावसायिक’ म्हणवून घ्यायचा संकोच वाटत होता. एकीने पतीच्या निधनानंतर चाळिशीत पहिली नोकरी धरली. या तिघींच्याही आयुष्यात पदवीचा उपयोग झाला, पण तो दहा, पंधरा, वीस वर्षांनी झाला. पदवीनंतर वर्षभरात लागलेली नोकरी एवढेच फलित मानणारी पद्धत या तिघींनाही अपयशी ठरवते.

उशिरा आलेल्या फलिताचे ठळक उदाहरण कॉर्नेलिया सोराबजी यांचे आहे. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, परंतु ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये सुरुवात केल्यानंतरच त्यांना ती पदवी मिळाली. आणि स्त्रियांना वकिली करण्याचा मार्ग भारतात १९२३ च्या कायद्याने मोकळा झाला. परीक्षा आणि व्यवसाय यांच्यामध्ये तीस वर्षे गेली. पदवीनंतर पाचव्या वर्षी कोणी त्यांची नोंद घेतली असती तर ‘व्यवसाय नाही’ असे लिहावे लागले असते. म्हणूनच ही नोंद एकदा घेऊन पुरत नाही; ती पुन्हा पुन्हा, लांबच्या अंतराने घ्यावी लागते.

ठाणे आणि नवी मुंबईच्या बाबतीत तर अशा नोंदीतून या भागाचा इतिहास हाती लागेल. विद्या प्रसारक मंडळ ही संस्था १९३५ ची, आणि तिने ठाण्यात कला-वाणिज्य महाविद्यालय सुरू केले ते १९६९ मध्ये. त्याआधीच्या पिढ्या सकाळची लोकल पकडून माटुंग्याला, दादरला, फोर्टात शिकायला जात. त्यानंतरच्या पहिल्या तुकड्यांनी ज्या ठाण्यात पाऊल टाकले ते कारखान्यांचे ठाणे होते. वागळे इस्टेट होती, कोलशेत-माजिवड्याकडचे कारखाने होते, खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रासायनिक उद्योग होते, आणि विज्ञान शाखेचा, विशेषतः रसायनशास्त्राचा पदवीधर ‘केमिस्ट’ म्हणून तिथे लागे. पाळीची नोकरी, कंपनीचे कॅन्टीन, दिवाळीचा बोनस, कळव्याला किंवा डोंबिवलीला घेतलेली वन-रूम-किचनची जागा असा तो जीवनक्रम होता. नव्वदीच्या दशकात त्यांतले अनेक कारखाने बंद झाले किंवा हलले, आणि ऐन चाळिशीतल्या पदवीधरांना स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करावी लागली. पुढे त्याच रस्त्यावर ऐरोली, महापे येथे माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याच मुलांना तिथे रात्रपाळीच्या नोकऱ्या मिळाल्या. बाप आणि मुलगी एकाच महाविद्यालयाचे पदवीधर, दोघांची नोकरी एकाच रस्त्यावर, आणि दोन्ही नोकऱ्यांत काहीही साम्य नाही, अशी घरे या परिसरात शेकड्यांनी असतील. स्वेच्छानिवृत्तीनंतर त्या चाळिशीतल्या पदवीधरांनी काय केले, कोणी शिकवण्या घेतल्या, कोणी विमा प्रतिनिधी झाले, कोणी गावी परतले, आणि त्या काळात त्यांना शिकलेल्या विषयाचा काही आधार वाटला का, हे विचारणारी एकही संस्था नव्हती. ते पदवीधर आज सत्तरीकडे झुकले आहेत. विचारायचे असेल तर आताच विचारावे लागेल.

नवी मुंबईचा आणखी एक पदर आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाल्यावर ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आगरी-कोळी गावांतली पदवीधर झालेली पहिली पिढी वाशी, नेरुळ, बेलापूर आणि ठाण्याच्याच महाविद्यालयांतून शिकली. भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर चालणाऱ्या घरात पहिली पदवी आली तेव्हा जमीन हातातून गेलेली होती. त्या पदवीने गेलेल्या जमिनीची जागा कितपत घेतली, हा या शहराच्या जन्माइतकाच मोठा प्रश्न आहे. घणसोली, तुर्भे, करावे, दिवाळे या गावांतील त्या काळचे पदवीधर आज घरी आहेत, बोलायला तयार आहेत, आणि त्यांच्याकडे प्रश्नपत्र घेऊन कोणी जात नाही. शहापूर, मुरबाड आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेले जव्हार-मोखाडा या तालुक्यांतून वसतिगृहात राहून शिकलेल्या आदिवासी मुलामुलींचेही तसेच आहे.

विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९७१ मध्ये सुरू झालेल्या या विभागातून नोकरी सांभाळून, संसार सांभाळून पदवी घेतलेल्यांची संख्या फार मोठी आहे. बेस्टचे वाहक, पोलीस शिपाई, दुकानातले मदतनीस, लग्नानंतर शिक्षण पुरे करणाऱ्या स्त्रिया असे हे विद्यार्थी. त्यांना वर्ग नाही, तुकडी नाही, स्नेहमेळावा नाही, त्यामुळे कोणत्याही माजी विद्यार्थी संघात त्यांना जागा नाही. एखाद्या शिपायाला पदवीमुळे खात्याची परीक्षा देता आली आणि तो उपनिरीक्षक झाला, तर विद्यापीठाने अभिमानाने सांगावी अशी याहून दुसरी गोष्ट कोणती? पण ती गोष्ट विद्यापीठापर्यंत पोहोचण्याची वाटच नाही.

आयुष्यभराच्या नोंदीतून काय निष्पन्न होऊ शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हार्वर्डचे आहे. १९३८ मध्ये तिथल्या २६८ पदवी विद्यार्थ्यांपासून एक अभ्यास सुरू झाला. त्यांना ठरावीक काळाने प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या, त्यांच्या प्रकृतीचे अहवाल जमवले गेले, नोकरी, विवाह, घटस्फोट, व्यसन, युद्धातील सेवा, निवृत्ती, वार्धक्य सारे काही विचारले गेले आणि हे काम ऐंशीहून अधिक वर्षे चालू राहिले. पन्नाशीत ज्यांचे आपल्या माणसांशी संबंध समाधानाचे होते ते ऐंशीत अधिक निरोगी होते, हा त्यातला बहुचर्चित निष्कर्ष. सुरुवातीच्या त्या अभ्यासात सगळे पुरुष आणि सगळे गोरे होते, ही त्याची मोठी मर्यादा. कॅलिफोर्नियातील मिल्स महाविद्यालयाच्या १९५८ आणि १९६० च्या तुकड्यांतील पदवीधर स्त्रियांचा असाच दीर्घकालीन अभ्यास झाला, त्यामुळे ती उणीव थोडीफार भरून निघाली. आपल्याकडे एवढा खर्चिक उपक्रम लगेच व्हावा असे माझे म्हणणे नाही. पण प्रिन्स्टनचे माजी विद्यार्थ्यांचे नियतकालिक १९०० पासून चालते आणि त्यात तुकडीनिहाय वार्तापत्रे असतात: कोणाचे लग्न झाले, कोणाला नातू झाला, कोण निवृत्त झाले, कोण वारले. हे काम त्या त्या तुकडीतली माणसे करतात. त्याला पैशांपेक्षा चिकाटी अधिक लागते, आणि चिकाटीची ठाण्यात वाण नाही.

यावर कोणी म्हणेल की आता प्रत्येक तुकडीचा व्हॉट्सअॅप गट आहे, सगळे काही तिथे कळतेच. मी स्वतः अशा गटांत आहे आणि त्यांतून पुन्हा जुळलेल्या मैत्रीची मला कदर आहे. परंतु तिथली बातमी दोन दिवसांत अभिनंदनाच्या आणि श्रद्धांजलीच्या संदेशांखाली गाडली जाते, भ्रमणध्वनी बदलला की जुने सारे नाहीसे होते, आणि मुख्य म्हणजे ज्याची नोकरी गेली, ज्याचा संसार मोडला, ज्याला मुलांच्या यशाचे फोटो टाकण्यासारखे काही नाही, तो माणूस गटात असूनही गप्प राहतो किंवा कोणाला न दुखावता बाहेर पडतो. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ गटाला कळत नाही. ग्रंथालयातून आलेल्या, नाव गुप्त ठेवण्याची खात्री देणाऱ्या कागदावर तोच माणूस चार ओळी लिहितो, हे मी अनुभवाने सांगते.

नाव गुप्त ठेवण्याचा मुद्दा मी सहज लिहिलेला नाही. माजी विद्यार्थ्यांची यादी म्हणजे शिकवणी वर्ग, विमा, गृहप्रकल्प आणि निवडणुकीचे उमेदवार यांना हवी असलेली वस्तू असते. एका संस्थेच्या मेळाव्यात भरून घेतलेले अर्ज पुढच्याच आठवड्यात एका बांधकाम प्रकल्पाच्या जाहिरातीसाठी वापरले गेले आणि त्यानंतर त्या तुकडीतील कित्येकांनी अर्ज भरणे कायमचे सोडले. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती घेण्यापूर्वी संमती आणि वापराचा हेतू सांगणे हा नियम घालून दिला आहे. विद्यापीठाने या कायद्याची अंमलबजावणी डोकेदुखी म्हणून न पाहता त्याचा आधार घ्यावा, म्हणजे लोक विश्वासाने लिहितील. आणि जिथे आयुष्याची विचारपूस होते तिथे त्याच कागदावर देणगीचे आवाहन छापू नये, हे मी अनेक सभांत सांगत आले आहे. देणगी मागण्यात गैर काही नाही, पण ती वेगळ्या पत्राने मागावी.

माझी विद्यापीठाकडे विनंती अशी आहे की बाळकुम येथील ठाणे उपपरिसराने ठाणे आणि नवी मुंबईतील संलग्न महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना सोबत घेऊन हे काम हाती घ्यावे. ग्रंथालये म्हणते याचे कारण कार्यालयातील माणसांवर प्रवेश आणि परीक्षांचा भार असतो, तर नोंद जपणे आणि वर्षांनंतर शोधून देणे हा ग्रंथपालाचा मूळ धर्म आहे. पदवीनंतर पहिल्या, पाचव्या, पंधराव्या आणि तिसाव्या वर्षी एक छोटे प्रश्नपत्र जावे. ते मराठीतही असावे, कारण इंग्रजी अर्जापुढे अवघडणारे कितीतरी पदवीधर आहेत आणि त्यांचेच अनुभव आपल्याला सर्वांत जास्त हवे आहेत. विवाहानंतरचे नाव पूर्वीच्या नावाशी जोडण्याची सोय पदवी प्रमाणपत्राच्या वेळीच करावी. ‘सध्याचा हुद्दा’ हा रकाना काढून त्याजागी ‘पदवीनंतर आजवर काय काय केले’ असे विचारावे आणि लिहायला पानभर जागा सोडावी. कामात खंड पडला असेल तर तो का पडला, पुन्हा सुरुवात कशाने झाली, शिकलेल्या विषयांपैकी काय उपयोगी पडले आणि काय शिकवायला हवे होते पण शिकवले गेले नाही, हे प्रश्न त्यात असावेत. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरे अभ्यास मंडळांपुढे ठेवली गेली, तर अभ्यासक्रम बदलताना दरवेळी अंदाजाने बोलण्याची वेळ येणार नाही. पंधरा वर्षे प्रयोगशाळेत काम केलेला माणूस रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांबद्दल जे सांगेल ते इतर कोणी सांगू शकणार नाही.

सुरुवात १९६९ ते १९८५ या काळातील तुकड्यांपासून करावी. त्यांतले बहुतेक जण निवृत्त आहेत, त्यांच्याकडे वेळ आहे, आणि या परिसराच्या औद्योगिक चढउताराचे ते साक्षीदार आहेत. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्या घरी जाऊन त्यांचे म्हणणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना देता येईल. विशीतल्या मुलांना त्यानिमित्ताने कळेल की पदवीनंतरचा रस्ता सरळ नसतो आणि तो सरळ नसला म्हणून आयुष्य वाया जात नाही. आमच्या संघातील निवृत्त ग्रंथपाल, लिपिक आणि प्राध्यापक अशी आठदहा मंडळी यासाठी विनामोबदला काम करण्यास तयार आहोत. उपपरिसराने एक खोली, एक संगणक आणि जुन्या निकालपत्रांच्या प्रती पाहण्याची लेखी परवानगी द्यावी. येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी पहिली प्रश्नपत्रे टपालात पडतील अशी व्यवस्था आम्ही करू.

आपल्या वृत्तपत्राने हा विषय विद्यापीठाच्या अधिसभेतील सदस्यांपर्यंत पोहोचवावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)